पैलवानाच्या पायात काय?

मराठीत गाडी ही सारी जात स्त्रीलिंगी आहे. बैलगाडी, घोडागाडी, आगगाडी, मोटारगाडी. कितीही दणकट असली तरी ती 'ती'च. पण साठाव्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मोटारींचा असा एक वंश निपजला, की त्यातल्या एखादीला 'ती' म्हणताना जीभ अडखळावी. तिकडे या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात. मसल म्हणजे स्नायू. आता 'स्नायुयान' हा शब्द एखाद्या परिभाषाकोशात शोभून दिसेल. माणसाच्या तोंडात तो बसायचा नाही. आपण सरळ 'पैलवान गाडी' म्हणू या.

या पैलवानाची जन्मकथा मोठी मजेची आहे. जनरल मोटर्स या कंपनीचा एक घरचा नियम होता. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही. याच कंपनीच्या पाँटियाक विभागातल्या जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नियम डोळ्यांत तेल घालून वाचला. नियम नव्या गाडीला लागू होता. गिऱ्हाईक जादा पैसे देऊन जे मागून घेईल त्याबद्दल त्यात अक्षर नव्हते! झाले. १९६४ च्या 'टेंपेस्ट' या सोज्ज्वळ गाडीसाठी त्यांनी सुमारे २९६ डॉलरांचा एक जादा संच काढला आणि त्यात ३८९ घनइंचांचे इंजिन बसवून दिले. म्हणजे सुमारे ६४०० सी.सी. आपल्या दारातली लहान गाडी हजार-बाराशे सी.सी.ची असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या पठ्ठ्याच्या छातीची कल्पना येईल. नावही त्यांनी उसने आणले. इटलीच्या फेरारीची 'जीटीओ' शर्यतीसाठी मान्यता पावलेली गाडी होती. पाँटियाकने ती तीन अक्षरे आपल्या गाडीवर ठोकून दिली. नियमातून वाट काढणे ही आपलीच मिरास आहे असे समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

ही युक्ती अशी फळली की १९६६ साली एका वर्षात ९६,९४६ जीटीओ खपल्या. मग फोर्ड, शेवरले, डॉज, प्लिमथ साऱ्यांनीच आपापली तालीम काढली. पुढे विम्याचे हप्ते वाढले, धुराचे कायदे आले, १९७३ साली तेल महागले आणि पैलवानांचा खुराक तुटला. पाँटियाक ही खूणच २०१० साली बंद झाली. पण ज्यांनी तरुणपणी या गाड्या हाकल्या त्यांच्या मनातून त्या गेल्या नाहीत; आणि ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता अशी पोरेही आज त्यांच्यापायी रात्री जागवतात.

त्यांतले एक पोर आमच्या घरचे आहे. थोरल्या बहिणीचा मुलगा. मिशिगनमध्ये इंजिनिअर आहे, तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीला टाळ वाजवतो आणि उरलेला वेळ १९६६ च्या एका जीटीओच्या पोटाखाली उताणा पडून काढतो. गाडी शेजारच्या घरातली. मालक पाँटियाकच्याच कारखान्यात कामाला होते. ते वारले आणि चार वर्षे गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी राहिली. मूळची पत्र्याची चाके तळघराच्या ओलीत गंजून गेली. ऐंशीच्या घरातल्या त्यांच्या पत्नीने ती गाडी याला परवडेल अशा किमतीत दिली. तिकडे वडीलधाऱ्यांनाही नावाने हाक मारतात. पण याच्या तोंडून 'आजी'च जाते, आणि आता त्याही या हाकेला ओ देतात. गाडी देताना त्यांनी अट घातली नाही. एवढेच म्हणाल्या, "रस्त्यावर आली की मला एकदा वुडवर्डवरून फिरवून आण."

वुडवर्ड अॅव्हेन्यू हा डेट्रॉइटहून पाँटियाक गावाकडे जाणारा हमरस्ता. साठाव्या दशकात पैलवान गाड्यांचा हाच आखाडा होता. एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत कुस्ती! १९९५ पासून दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे जुन्या गाड्यांची जत्रा भरते. आजींना त्या जत्रेला जायचे होते.

इंजिन झाले, रंग झाला. अडले ते चाकांपाशी. भाच्याने पाच जणांना विचारले आणि त्याला सहा मते मिळाली. शेवटी त्याने मला फोन केला. "मामा, तुला गाड्यांचे वेड नाही, म्हणून तुला विचारतो. तुझे मत तरी निःपक्षपाती असेल." शहाण्या माणसाला वेडे मत नको असते, हे त्याला कळले होते. पुढचे दोन महिने आमचे बोलणे चाकांवरच चालले. त्या बोलण्याचे सार इथे देतो. कारण पुष्कळांच्या घरात आज नाही तर उद्या चाकांचा प्रश्न निघणारच आहे.

चाक म्हटले म्हणजे दिसते ते त्याचे रूप. पण आधी पाहायची असते ती सोयरीक. गाडीच्या तुंब्याला, म्हणजे हल्लीच्या भाषेत हबला, जे बोल्ट असतात ते एका वर्तुळावर बसवलेले असतात. त्या वर्तुळाचा व्यास जुळला तर पुढची बोलणी. जीटीओला पाच बोल्ट, व्यास पावणेपाच इंच. त्याच काळातल्या आठ सिलिंडरच्या मस्टँगलाही बोल्ट पाचच, पण व्यास साडेचार इंच. पाव इंचाचा फरक! पाहणाऱ्याला तो दिसत नाही, पण चाक बसत नाही. आणि ठोकून बसवलेच तर ते आणखी वाईट. पाच बोल्टांत समोरासमोर जोडी नसते, तेव्हा व्यास मोजायचा कसा? शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतले अंतर घ्यावे आणि १.७ ने गुणावे. पत्रिका जुळली की नाही ते घरबसल्या कळते.

दुसरी गोष्ट नटांची. काही चाकांच्या भोकांना निमुळती बैठक असते, तिथे निमुळते नट लागतात. काहींना सरळ दांड्याचे नट आणि खाली वायसर लागते. एकाचा नट दुसऱ्याला लावला तर तो आवळल्यासारखा वाटतो आणि पन्नास मैलांवर सैल होतो. साठाव्या दशकातल्या क्रायस्लरच्या पुष्कळ गाड्यांत तर डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असत. ज्याला ठाऊक नाही तो पाना घेऊन घाम गाळतो आणि शेवटी बोल्टच मोडतो. आणि नट कुठलेही असोत, ते ओळीने आवळू नयेत. चांदणी काढताना हात जसा एक टोक सोडून पुढच्या टोकाला जातो तसे आवळावेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. चाक आत किती आणि बाहेर किती? चाक पालथे घालून मागच्या कडेवर आडवी पट्टी ठेवावी आणि तिथपासून हबला टेकणाऱ्या सपाटीपर्यंतचे अंतर मोजावे. तिकडे याला 'बॅकस्पेसिंग' म्हणतात. सात इंची चाक कडेपासून कडेपर्यंत जवळजवळ आठ इंच भरते, कारण सात इंच हे माप टायर जिथे बसतो तिथले. म्हणजे हे अंतर चार इंच असेल तर चाक निम्मे आत, निम्मे बाहेर. अंतर फार कमी पडले की चाक बाहेर येते, मडगार्डला टायर घासतो आणि बेअरिंगवर भलता भार येतो. फार जास्त झाले की आतल्या स्प्रिंगला किंवा सुकाणूच्या दांड्यांना भिडते. गाडी सरळ उभी असताना सारे ठीक दिसते. म्हणून चार माणसे आत बसवून, सुकाणू दोन्हीकडे पुरते वळवून पाहायचे. नवरदेवाचा जोडा बोहल्यावर चावत नाही; वरातीत चावतो.

चौथी गोष्ट उंचीची. जीटीओला मूळची १४ इंची चाके होती आणि टायरसकट चाकाची उंची सुमारे साडेसव्वीस इंच. ही एकूण उंची बदलली की वेगाचा काटा खोटे बोलू लागतो. तेव्हा चाक मोठे केले तर टायरची जाडी तितकी कमी करावी लागते. २१५/७०/१५ या मापाचा टायर घेतला तर उंची सत्तावीस इंचांच्या किंचित आत राहते आणि टायरची भिंत १५० मिलिमीटर मिळते. हल्लीच्या धर्तीचे १८ इंची चाक आणि २४५/४५ चा टायर घेतला तरी उंची जवळजवळ तीच. पण भिंत ११० मिलिमीटरच उरते. मिशिगनचा हिवाळा कडक. बर्फ वितळले की रस्त्यांना जे खड्डे पडतात ते पाहून पुणे-मुंबईच्या माणसालाही घरी आल्यासारखे वाटावे! पातळ भिंतीच्या टायराने खड्डा घेतला की तो दणका थेट रिमला आणि पाठीच्या कण्याला.

आता पाचवी आणि शेवटची गोष्ट, ब्रेकची. १९६६ च्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक १९६७ पासून मिळू लागले, तेही जादा पैसे मोजून. इतके बळ आणि इतका दुबळा लगाम! म्हणून आज शहाणे लोक पुढे डिस्क ब्रेक बसवून घेतात. ११ इंची डिस्क १५ इंची चाकात बहुधा निर्वेध मावते. १४ इंचीत मोजूनमापून पाहावे लागते. आणि १३ इंची डिस्कचा हट्ट धरला तर चाक १७ इंची हवे. म्हणजे चाकांची निवड रंगाच्या दुकानात नव्हे, ब्रेकपाशी सुरू होते.

एवढी कुंडली मांडून झाल्यावर रूपाकडे वळावे. आणि रूपाच्या बाबतीत त्या काळाने हात आखडता घेतला नव्हता. अगदी साधी म्हणजे पत्र्याची चाके, मध्यभागी लहानसे चकचकीत टोपण. या टोपणाला तिकडचे लोक 'डॉग डिश', म्हणजे कुत्र्याचे ताट म्हणतात. त्यावरची पायरी पाँटियाकच्या 'रॅली' चाकांची. पत्र्याचीच, पण खाचा पाडलेली, देखणी. ज्यांचा खिसा जड त्यांच्यासाठी बाहेरच्या कारागिरांची चाके होती. १९६४ साली निघालेले 'क्रॅगर एस.एस.' म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी कड आणि आत अॅल्युमिनियमचे पाच आरे, आरशासारखे लखलखीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'अमेरिकन रेसिंग'चे 'टॉर्क थ्रस्ट' हे टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या पाच आऱ्यांचे. १९६८ च्या 'बुलिट' या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनच्या हिरव्या मस्टँगच्या पायात हीच होती, आणि तेव्हापासून ती अमर झाली. त्याच पाठलागात काळ्या डॉज चार्जरची टोपणे उडत जातात; मोजणाऱ्यांनी मोजले आहे की गाडीला चाके चार आणि उडालेली टोपणे चारांहून जास्त!

शर्यतीच्या गाड्यांना मॅग्नेशियमची चाके असत. मॅग्नेशियम अॅल्युमिनियमपेक्षा तिसऱ्या हिश्शाने हलके. पण गंज धरणारे आणि नाजूक, रोजच्या वापराला कुचकामी. तरी त्याचे नाव मात्र उरले. अॅल्युमिनियमच्या चाकालाही 'मॅग' म्हणण्याची रीत पडली, आणि ती आपल्या गॅरेजवाल्यांच्या 'मॅगव्हील'पर्यंत येऊन पोचली. शब्दांची चाके कुठून कुठे जातात पाहा! आपल्या 'स्टेपनी'ची गोष्ट अशीच. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तिथे विसाव्या शतकाच्या आरंभी जादा चाके तयार होत. तो धंदा केव्हाच संपला, त्या देशातून तो शब्दही गेला. आपल्याकडे मात्र ट्रकवाल्यापासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सर्वांच्या डिकीत स्टेपनी आहे.

असो. भाच्याच्या सहा मतांचे तीन पक्ष झाले होते. पहिला पक्ष इतिहासकारांचा: गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच हवी, टायरसुद्धा जुन्या घाटाचे. या टायरांत धागे तिरपे असतात; दिसायला ते अस्सल, पण रस्त्यातली खाच धरून धावतात. दुसरा पक्ष आधुनिकांचा: १८ इंची चाके घाला, मडगार्डची कड आतून थोडी कापावी लागेल, पण गाडी रुबाबदार दिसेल. तिसरा पक्ष एकट्या भाच्याचा होता, आणि तो मला सर्वांत अवघड वाटला. आजींनी त्याला सांगितले होते की त्यांच्या यजमानांना १९६६ साली रॅली चाके फार हवी होती. पण त्याच वर्षी लग्न ठरले आणि चाकांचे पैसे आजींच्या अंगठीत गेले. गाडी आली ती कुत्र्याच्या ताटांवर. "मामा, त्यांची राहिलेली इच्छा मी पुरी करू का?"

क्षेमेंद्र नावाच्या काश्मिरी पंडिताने अकराव्या शतकात औचित्यावर एक ग्रंथ लिहिला. कमरपट्टा गळ्यात आणि हार कमरेला घातला तर दागिना खरा असूनही हसे होते, असा त्याचा दाखला आहे. दर वर्षी वर्गात मी तो सांगतो आणि मुले हसतात. अठरा इंची चाकांबद्दल मला तेवढेच म्हणायचे होते. पण मडगार्ड कापण्याची गोष्ट निघाली तेव्हा मला एकनाथ महाराज आठवले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या अशुद्ध झालेल्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि बजावून ठेवले की यात कुणी पदरची ओवी घालू नये. स्वतः थोर कवी असून त्यांनी हात आवरला. जुनी वस्तू हाती आली की पहिला धर्म हा. तीत आपण भर घालण्याआधी तिचे काही नाहीसे होत नाही ना, हे पाहावे. चाक बदलले तर पाच नट काढून पुन्हा जुने लावता येते. कापलेला पत्रा परत जोडता येत नाही. गाडीसाठी चाक शोधावे. चाकासाठी गाडी कापू नये.

मग जुन्या घाटाचे टायर का नकोत? कारण त्या गाडीत एक म्हातारी बसणार होती. ग्रंथाची प्रत कपाटात राहते. गाडी रस्त्यावर जाते. रेडियल टायर ओल्या रस्त्यावर अधिक भरवशाचे, हे आज सर्वमान्य आहे. जिथे जीव आहे तिथे अस्सलपणाने एक पाऊल मागे घ्यावे.

राहिली यजमानांची इच्छा. मी म्हटले, "हे तू मला काय विचारतोस? आजींना विचार." त्याने विचारले. आजी म्हणाल्या, "रॅली चाके त्याला आवडायची खरी. पण मी ज्या गाडीतून माहेर सोडले ती अशी नव्हती. आणि हे बघ, खड्ड्यात आदळली की माझी कंबर धरते, तेवढे सांभाळ."

वादाचा निकाल कंबरेने दिला. भाच्याने पुढे डिस्क ब्रेक बसवले, पत्र्याची साधी पण १५ बाय ७ इंची नवी चाके आणली, त्यांना गाडीचाच रंग दिला, वर २१५/७० चे रेडियल चढवले. टायर घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे पाहिले; त्यांत कितवा आठवडा आणि कोणते साल ते असते. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचे रबर विश्वासाचे नसते, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात न वापरलेले म्हातारे टायर फार. चाकांवर तळघरातल्या खोक्यातली मूळची चार टोपणे घासून लावली. एकावर पोचा होता, तो तसाच ठेवला. तो पोचा कुणामुळे पडला ते आजींना ठाऊक होते आणि त्या सांगत नव्हत्या.

ऑगस्टमध्ये ते वुडवर्डवर गेले. क्रोमच्या लखलखाटात साध्या टोपणांच्या गाडीकडे फारसे कुणी पाहिले नाही, असे भाचा सांगत होता. एक म्हातारे गृहस्थ मात्र काठी टेकत रस्ता ओलांडून आले, चाकाशी वाकले आणि म्हणाले, "आम्ही सगळ्यांनी पहिल्याच महिन्यात ही काढून टाकली होती. कुणी राखली म्हणायची!" आजी आतून म्हणाल्या, "पैसे नव्हते."

वाचकांपैकी फार थोड्यांच्या दारात पैलवान गाडी असेल. पण दिवाळीच्या बोनसात चिरंजीव साध्या गाडीला झगमगीत चाके घालायला निघाले, तर त्यांना एवढेच विचारा: बोल्टांचा व्यास मोजलास का, नटांची बैठक पाहिलीस का, चाक आत-बाहेर किती जाते, एकूण उंची तीच राहते ना, आणि ब्रेक मावतो का? पाचांची उत्तरे नीट आली तर खुशाल घालू द्या. आणि जुनी चाके भंगारवाल्याला देऊ नका. माळ्यावर थोडी जागा असतेच.